मागे राहिलेल्या रांगा

जाळीघराला दोन दारं होती. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दोन दारांच्या मध्ये एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा होती, तिथं पांढरा डगला अडकवलेला आणि खाली रबरी चपला. मागचं दार लावून पुढच्या कडीला हात घालेपर्यंतचे ते दोन-तीन क्षण मला कधीच आवडले नाहीत. श्वास कोंडायचा. नंतर नंतर मला कळलं की मी त्या वर्षी राहतच होते तिथं, दोन दारांच्या मध्ये.

सांगलीपासून थोडं बाहेर, उसाच्या मळ्यांत ती संशोधन संस्था होती. मी तिथं संशोधन सहायक होते आणि माझं काम लसूणघासावर होतं. आमच्याकडे त्याला नुसतं घास म्हणतात. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचा, जनावराला याच्याइतका पौष्टिक हिरवा चारा दुसरा नाही. प्रश्न एवढाच होता, की त्याच जमिनीत, तेवढ्याच पाण्यात तो जास्त येईल का. रोपाच्या अंगात वाढीची संप्रेरकं असतात, त्यातलं एक जिबरेलिन. ते तयार करणारं जनुक जास्त जोमानं चालवलं तर खोड लांबतं, कापणी लवकर येते, वजन वाढतं. निदान तसं वाटतं. आमच्या जाळीघरात अशा जनुकाचा घास होता आणि त्याच्या शेजारी साधा घास, तुलनेला.

आता माझं घर. माझे वडील साताऱ्यात एका छापखान्यात कामाला होते आणि छापखाना बंद झाल्यावर पत्रकं लिहीत. धरणग्रस्तांची, अंगणवाडी सेविकांची, पाण्याच्या समान वाटपाची. मी पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. आमच्या घरात फडताळाला कागद म्हणून पत्रकं, लोणच्याच्या बरणीखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांची. इतर मुलींना स्तोत्रं पाठ असायची, मला मागण्या पाठ असायच्या. पंधराव्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं, जनुक बदललेल्या बियाण्यांच्या विरोधात. 'बी कोणाचं?' असं त्याचं नाव होतं. वडिलांनी त्यात एक शब्द बदलला नाही, फक्त शेवटी उद्गारचिन्ह होतं ते काढलं. म्हणाले, "राग वाक्यात असावा, चिन्हात नको."

तीच मी पुढं जाऊन त्याच शास्त्रात शिकले आणि त्या जाळीघरात जाऊन बसले. मी स्वतःला सांगायचे, ही काही कंपनी नाही, इथलं बी उद्या कुणाच्या पेटंटात अडकणार नाही. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "जा. आतून बघून ये." त्यामुळे संस्थेत मला वाटायचं मी हेर आहे, आणि साताऱ्याला गेले की वाटायचं मी फितूर आहे.

जाळीघरात माझ्याबरोबर रोज फक्त एकच माणूस असायचं. आक्का. पन्नाशीच्या पुढची, तासगावकडची. उभं आयुष्य द्राक्षबागांत गेलेलं. तिकडे घड पोसावेत म्हणून ते एका औषधात बुडवून काढतात, त्याच्या बायकांच्या टोळ्या असतात. आक्का अशा टोळीची पुढारीण होती. वर्षानुवर्षं मंडपाखाली हात वर करून उभं राहून तिचे गुडघे आणि खांदे गेले. संस्थेतलं काम तिला मानवलं होतं, कारण ते सावलीत होतं, स्टुलावर बसून करता येत होतं आणि गावाहून थेट एसटी होती. "हितनं काढलं तर मी घरीच बसनार," ती म्हणायची. "बागंत आता कोन घेतंय मला. घडापत्तर हात जाईत न्हाई." ते जाळीघर तिच्यासाठी काय होतं हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पुढं जे झालं ते मला माहीत नसताना झालं असं मी म्हणू शकत नाही.

तिला काम समजावताना मी अडखळत होते. संप्रेरक, जनुक, असं काही तरी बोलत होते. ती ऐकून म्हणाली,

"जीएच की गं हे."

"कोणतं?"

"आवं मॅडम, घड बुडिवतो ते. जीए. त्येच न्हाई व्हय हे?"

तेच होतं. जिबरेलिन. साऱ्या तासगाव तालुक्याला ते नावानिशी माहीत होतं, आणि मी ते पुस्तकातून शिकले होते.

"हो, तेच. पण हे रोप ते स्वतःच जास्त बनवतं. बाहेरून बुडवायला नको."

"म्हंजी पोटातच डिपिंग." तिनं एक काडी बोटात धरून वाकवून बघितली. "उंच लय हुतंय गं. पर पान कुठं हाय? म्हस काय काड्या खाती व्हय?"

मी हसले. वहीत लिहिलं नाही.

आमचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते सांगलीच्या शेतकरी जैन घरातले. दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवणारा, आवाज कधीही न चढवणारा माणूस. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, माझ्या वाढण्यात तशी सोयच होती, पण त्यांनी कधी संधी दिली नाही. प्रयोग त्यांनी नीट आखला होता. सहा रांगा, तीन जनुकाच्या, तीन साध्या, उलटसुलट मांडलेल्या. कुंड्यांवर फक्त आकडे. कोणता आकडा कशाचा, हे सरांच्या वहीत आणि माझ्या. आक्काला सांगायचं नाही. "काम करणाऱ्याला माहीत असलं की हात पक्षपात करतो," सर म्हणाले. "मुद्दाम नाही हो, आपोआप." कुंड्यांत माती मुद्दाम हलकी, वाळूमिश्रित, खत मोजून. सगळ्यांना सारखं.

आकडे लपवले होते. पण उंची कुणी लपवू शकत नाही, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पहिल्या कापणीला फरक डोळ्यांना दिसला. जनुकाच्या रांगा वीतभर वर. दुसऱ्या कापणीला आणखी वर. सर त्या दिवशी जाळीघरात स्टुलावर बसून राहिले, आणि उठताना त्यांनी आक्कालाही "छान ठेवलंय" म्हटलं. तिसऱ्या कापणीला फरक कमी झाला. मला वाटलं वजनकाट्यात चूक असेल. मी काटा तपासला. चौथ्या कापणीला साध्या रांगा जवळजवळ बरोबरीला आल्या.

"जनुक गप्प झालं," सर म्हणाले. असं होतं. बाहेरून घातलेलं जनुक रोप कधी कधी स्वतःच दाबून टाकतं. मी पानं घेतली, प्रयोगशाळेत तपासली. जनुक जागेवर होतं आणि चालूही होतं. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बोलतंय म्हणता? मग ऐकत कोण नाहीये?"

मी महिनाभर तेच शोधत होते. सकाळी दोन दारांतून आत, संध्याकाळी दोन दारांतून बाहेर. जेवण विसरायचे. एका रविवारी वडिलांचा फोन आला तेव्हा मी सहज बोलून गेले, की फरक उरला नाही, जनुक बहुतेक फसलं.

पलीकडे ते एकदम ताजे झाले. "मी काय म्हणत होतो?"

"अजून नक्की नाही, बाबा."

"तू आतली आहेस. तू म्हणतेस म्हणजे नक्कीच."

आठ दिवसांत त्यांनी पत्रकाचा मजकूर पाठवला. 'चाऱ्याच्या नावाखाली' असं शीर्षक. मजकूर चांगला होता. माझ्या वडिलांचं मराठी मला अजूनही माझ्यापेक्षा बरं वाटतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की प्रयोगशाळेच्या आतूनच आता कबुली येते आहे. ती कबुली म्हणजे मी. खाली त्यांनी विचारलं होतं, 'तपशील तपासून दे, मग छापायला टाकतो.' त्याच आठवड्यात सरांनी त्यांचा अहवाल माझ्याकडे दिला. त्यातही तेच होतं, वेगळ्या भाषेत. जनुक कालांतराने निष्प्रभ होतं. बाहेरचे दोन तज्ज्ञ आढावा घ्यायला येणार होते. सर म्हणाले, "तुम्ही एकदा वाचून सही करा."

दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. जन्मात एकमेकांशी न पटणारी दोन माणसं पहिल्यांदा एकच गोष्ट म्हणत होती आणि दोघांनाही माझी सही हवी होती.

दोन दिवसांनी मी भर दुपारी जाळीघरात गेले. ती माझी वेळ नव्हती, पण थर्मामीटर आत विसरला होता. आक्का दाराकडे पाठ करून बसली होती. तिची रोजची ॲल्युमिनियमची किटली पायाशी होती. मला इतके दिवस वाटायचं तिच्यात ताक असतं. ती किटलीतून एका वाटीत काळपट पाणी काढत होती आणि तिसऱ्या रांगेतल्या एकेका कुंडीत अर्धी अर्धी वाटी घालत होती. घालून झालं की बोटानं माती दाबायची. मग पुढची कुंडी.

"आक्का, हे काय?"

ती दचकली नाही. "लेंड्यांचं पानी. दोन दिस भिजिवलेलं हाय, कडक न्हाई."

"शेळीच्या?"

"माज्याच शेळ्या. दुसऱ्याच्या न्हाईत."

"सगळ्या कुंड्यांना घालता?"

"न्हाई गं. ह्याच तीन रांगास्नी. ही बघ, ही, आन् ती पलीकडची. मागं ऱ्हायली हुती की." तिनं मान वळवून जनुकाच्या रांगांकडं बघितलं. "त्यास्नी काय कमी हाय? ती आपली आपन वाढत्यात."

"कधीपासून?"

"बेंदरापासनं."

बेंदूर, बैलांचा सण, दुसऱ्या कापणीनंतर आला होता. मी तिथंच कट्ट्यावर बसले. सगळा महिनाभराचा शोध, सरांचं गप्प झालेलं जनुक, वडिलांचं पत्रक, सगळं त्या किटलीत होतं.

"आत काही आणायचं नाही, हे सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

ती विचारात पडली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "भाईर न्यायचं न्हाई, आसं सांगितलं हुतं. पान न्हाई, काडी न्हाई, बी न्हाई. मी कापलेला घास कवा घरी नेला न्हाई. तुमी वाफंत घालून नासिवता तवा जीव तुटतोय, तरी न्हाई नेला. आत आनू नगा आसं कुनी म्हनलं न्हाई."

खरंच कुणी म्हटलं नव्हतं. भिंतीवरची नियमावली मी स्वतः लिहिली होती, मराठीत, सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरात. त्यातले सगळे नियम बाहेर काय जाऊ नये याचे होते. आम्हाला भीती होती ती आमच्याकडून जगात काही निसटेल याची. जगातून आमच्याकडे काही येऊ शकतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

मी तिला मग सगळं सांगितलं. जे सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते. कोणत्या रांगा कसल्या, साध्या रांगा कशासाठी. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी ती बारकीच ऱ्हायला पायजे हुती?"

"हो. म्हणजे, जशी राहतील तशी."

"मुद्दाम?"

"तुलनेला, आक्का. एकाला जास्त मिळालं तर कळणार कसं, जनुकामुळं वाढलं का नाही ते."

"माज्याकडं शेळीला दोन पिलं झाली तर जे मागं पडतंय त्येला आधी लावायचं. दांडगं काय, ते ढुशा मारून पितंयच. आमच्यात सगळी तसंच करत्यात." तिनं वाटी किटलीत टाकली. "मला आकडं कळत न्हाईत. उंची कळती."

मग बराच वेळ ती तिथली माती झटकत राहिली. शेवटी म्हणाली, "आता सरास्नी सांगाया पायजे व्हय?"

"मी बघते," मी म्हणाले. "तुम्ही काही बोलू नका. मी बघते सगळं."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं, की ते मी कुठं शिकले याचा विचारही केला नाही.

पुढचे तीन आठवडे मी काही बघितलं नाही. आक्कानं किटली आणणं बंद केलं. रोज आत आली की माझ्याकडं बघायची, विचारायची नाही. सरांना सांगावं तर तिचं काम जाणार. न सांगावं तर एक खोटा निष्कर्ष माझ्या सहीनं छापला जाणार, आणि तोही दोन ठिकाणी. वडिलांना फोन करून मी एवढंच म्हटलं, "पत्रक थांबवा. आकडे चुकलेत."

"कुणी चुकवले?"

"तसं नाही. प्रयोगात गडबड झाली."

मग त्यांनी फार हळू विचारलं, "तुझ्यावर दबाव आलाय का?"

"नाही."

"मग खरं काय ते सांग."

मी सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आक्काचंच पत्रक केलं असतं. शेळीच्या लेंड्यांनी जनुकाला हरवलं, आणि खाली तिच्या गावाचं नाव. ते वाचून लोक टाळ्या वाजवतील आणि संस्था तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवील. मी म्हटलं, "नंतर बोलू." त्यांनी ठीक आहे म्हटलं. फोन ठेवताना ते मला 'काळजी घे' म्हणायला विसरले, आणि ते असं कधी विसरत नाहीत.

कुणी मला कोंडलं नव्हतं. पगार, खोली, सायकल, सगळं होतं. मी रोज विश्रामबागेपर्यंत जाऊन भाजी आणत होते. पण कोणत्याही बाजूला पाऊल टाकलं तरी कुणाच्या तरी अंगावर पडणार, हे धरून चालताना माणूस हळूहळू चालणंच सोडून देतं. जाळीघरात मला बरं वाटायला लागलं होतं. तिथं निदान भिंती दिसत होत्या.

आढाव्याच्या दिवशी दोन पाहुणे आले. सरांच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, पडद्यावर आलेख. सर चौथ्या कापणीपर्यंत आले आणि म्हणाले, इथून जनुकाचा प्रभाव ओसरलेला दिसतो.

मी उभी राहिले. आधी ठरवलं नव्हतं.

मी म्हणाले, प्रभाव ओसरलेला नाही. साध्या रांगांना बाहेरचं खत मिळालंय. मग मी सगळं सांगितलं, आणि सांगताना मला चढत गेलं. मी म्हणाले, यात त्या बाईंचा काहीही दोष नाही. ज्या माणसाच्या हातांवर प्रयोग उभा आहे त्यालाच आपण प्रयोग काय आहे ते सांगत नाही. आकडे लावून आपण तिच्यापासून ज्ञान लपवलं आणि नंतर तिच्या ज्ञानानं आपला प्रयोग मोडला. जिबरेलिन म्हणजे काय ते तिला आपल्याआधी माहीत होतं. दुबळ्याला आधी द्यावं एवढंच तिनं केलं. हे चूक असेल तर आपली शिकवण चूक आहे. असं बरंच काही. मला आठवतं, बोलून बसताना मला फार दिवसांनी मोकळं वाटत होतं. भाषण चांगलं झालं होतं. वडील असते तर त्यांनी एक शब्द बदलला नसता.

दोघांतल्या वयस्कर पाहुण्यांनी माझं मनापासून कौतुक केलं. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे म्हणाले. मग त्यांनी चष्म्यावरून सरांना विचारलं,

"ह्या बाई किती शिकल्यात?"

"चौथी," सर म्हणाले. "पण चूक आमची आहे. नियमावलीत राहून गेलं."

"ते आहेच हो. पण बंदिस्त जाळीघरात अप्रशिक्षित माणूस रोज जातोय, हे आम्हाला लिहावं लागेल. ह्या मॅडमनीच आता फार स्पष्ट मांडलं ते, की त्यांना काही माहिती नव्हतं."

मी म्हणाले, "मग त्यांना शिकवा."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी तशी तरतूद ठेवा." आणि लिहून घेतलं.

सरांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. शेवटी टिपणात आलं, की जाळीघरात फक्त पदवीधर व प्रशिक्षित कर्मचारी. प्रयोग पहिल्यापासून पुन्हा. मला मुदतवाढ मिळाली, प्रामाणिकपणाबद्दल. आक्काला बाहेरच्या शेतात भांगलणीचं, तण खुरपायचं काम देऊ केलं. गुडघे मोडून दिवसभर बसायचं काम. ती दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी आली नाही.

साताऱ्याला जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं, या वेळी काही न गाळता. ते पत्रकाच्या मजकुराची घडी घालत ऐकत होते. मला वाटलं होतं ते जनुकाबद्दल बोलतील, किंवा मी उभी राहिले त्याबद्दल. त्यांनी एकच विचारलं.

"ती बाई आता काय करते?"

मला माहीत नव्हतं.

रविवारी मी तासगावची एसटी धरली आणि पुढं विचारत विचारत तिच्या घरी गेले. अंगणात शेळी बांधलेली, दोन पिलं. आक्का उकिडवी बसून एकाला मागं ढकलत होती आणि बारक्याचं तोंड सडाला लावत होती. मला बघून म्हणाली, "ये. च्या घेशील न्हवं?" मॅडम म्हणाली नाही.

चहा पिताना मी माझं सगळं सांगितलं. मी काय बोलले, कसं बोलले, ते काय म्हणाले. मी तिची बाजू कशी मांडली ते जरा लांबवूनच सांगितलं असावं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "खरं सांगितलंस ते ब्येस केलंस. ते झाकायचं नसतंच."

"पण तुमचं काम गेलं."

"व्हय." तिनं पिलाला सोडलं, हात पदराला पुसले. "त्या दिशी मी कुठं हुते, ठावं हाय का तुला?"

"कुठं?"

"खिडकीखाली. नळावर कुंड्या धूत हुते. तुजा आवाज येत हुता, काय बोलतीस ते कळत न्हवतं. म्हनलं पोरगी कुनाशी भांडतीया." ती जराशी हसली, मग हसू राहिलं नाही. "हाक मारायची हुतीस की गं. दहा पावलांव हुते. मी येऊन म्हनले असते, मी घातलं, मला ठावं न्हवतं, आता ठावं हाय, परत घालनार न्हाई. त्यास्नी मला बगू तरी द्यायचं हुतं."

बोलण्यासारखं माझ्याकडं जे जे होतं ते सगळं मी त्या खोलीत बोलून संपवलं होतं.

"मी सरांशी परत बोलू का?" मी शेवटी विचारलं.

"नगं. तू बोलू नगंस." ती उठून चुलीकडं गेली. आतून म्हणाली, "मीच येती सोमवारी."

सोमवारी ती आली. मी तेव्हा जाळीघरात होते, नव्या कुंड्यांना पाणी घालत. जाळीतून मला ती दिसली, इस्त्री केलेलं लुगडं, हातात किटली नाही. सर व्हरांड्यात उभे होते. ती त्यांच्याशी बोलत होती, हात फार न हलवता. एकदा तिनं बोटांनी पान खुडल्यासारखं केलं आणि दोन बाजूंना ठेवल्यासारखं दाखवलं. तेवढ्या अंतरावरून मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. मी पाण्याच्या डब्यासह दारापर्यंत गेले, आतलं दार उघडलं, मधल्या जागेत उभी राहिले, ते लावून घेतलं. बाहेरच्या कडीवर हात ठेवला. आणि ठेवलेलाच राहिला. मी तिथंच उभी राहिले, तिचं बोलणं संपेपर्यंत.

ती काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सरांनी संध्याकाळी घरी जाता जाता एवढंच म्हटलं, की इथून पुढं प्रत्येक कापणीचं पान वेगळं आणि काडी वेगळी मोजायची. भट्टीत वाळवलेला नमुना बाहेर काढला तर चालतो, तो निवडायला आक्का व्हरांड्यात बसतील, कापणीच्या आठवड्यात चार दिवस. पूर्वी महिनाभर होतं. जाळीघरात तिला अजून बंदीच आहे. अहवालात पान-काडीच्या मोजणीपुढं माझं नाव आहे. आक्काचं घालावं असं मी सरांना म्हणणार होते. आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "इचार करून सांगती." अजून सांगितलेलं नाही.

पत्रक वडिलांनी छापलं नाही. तो मजकूर घडी घालून फडताळात आहे, कशाखाली तरी.

आता पाणी मीच घालते. मोजून, सगळ्या रांगांना सारखं. दुसरी कापणी झाली आहे आणि तीन रांगा पुन्हा मागं पडल्या आहेत. त्या तशाच राहायला हव्यात. आक्काला बाहेरून जाळीतून त्या दिसतात. ती वाळलेली पानं निवडता निवडता मधूनच मान वर करून बघते, आणि मग माझ्याकडं बघते. मी मापाचा पेला काठोकाठ भरते, त्यातलं थोडं परत डब्यात ओतते, खुणेपर्यंत आणते आणि पुढच्या कुंडीकडं जाते.